काकांना झालेला भास

बेचाळिसाव्या वर्षी मी युनिव्हर्सिटीत नाव घातलं, तेही ब्लॅक स्टडीज, म्हणजे इथल्या काळ्या लोकांचा इतिहास, आणि क्रिमिनल जस्टिस अशा दोन विषयांच्या डिग्रीला. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींत ही बातमी पोचली तेव्हा एका काकूंनी भेळ कालवता कालवता विचारलं, "ब्लॅक स्टडीज? म्हणजे त्यात नेमकं काय स्टडी करतेस?" दुसऱ्या म्हणाल्या, "अगं, डेटा सायन्सचा सर्टिफिकेट कोर्स तरी करायचास, सहा महिन्यांत जॉब!" नवरा लोकांना सांगताना 'लॉसारखं काहीतरी' असं सांगे. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. मलाही ते सोयीचंच होतं.

मला या विषयात ओढलं ते कोर्टाच्या ज्युरीत बसायच्या बोलावण्यानं. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्याच वर्षी ते आलं, दिवसभर बसवून मला घरी पाठवलं, पण त्या दिवशी समोर जे चाललं होतं त्यातलं मला अर्धंही कळलं नाही. हात वर करून ज्या देशाची शपथ घेतली, त्यातलं हे आपल्याला ठाऊकच नाही याचा मला भयंकर राग आला. राग आला की मी काहीतरी करून बसते. तशी ही डिग्री केली.

पहिल्याच वर्गात बाईंनी प्रत्येकाला इथे का आलात ते विचारलं. मी ताठ मानेनं म्हणाले, "मला या लोकांना मदत करायची आहे." वर्गात बहुतेक सगळी मुलं-मुली काळी होती. बाई म्हणाल्या, "छान, आणि ते तुम्हाला काय मदत करतील, तेही बघू." माझे कान तापले. घरी येऊन मी हे कोणालाही सांगितलं नाही.

सांगण्यासारखं एकच माणूस होतं. रविवारी देवळाच्या हॉलमध्ये मुलांची मराठी शाळा घेणारे एक काका. साठी उलटलेली. कंपनीनं नारळ दिल्यावर पुन्हा नोकरी शोधायची नाही असं ठरवून त्यांनी या शाळेला वाहून घेतलं होतं. माझी मुलगी घरात माझ्या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत उत्तर देते, पण काकांसमोर 'मला पाणी हवंय' असं स्वच्छ बोलते. मुलीला सोडायला गेले की काका हाक मारत, "काय वकीलबाई, आज कोणाला सोडवलंस?" आणि मग खरंच ऐकून घेत. मी काय वाचते, कोर्टात काय होतं, सगळं. एकदा म्हणाले, "यात आपण कुठे बसतो गं?" मी म्हणाले, ते अजून अभ्यासाला आलेलं नाही. "शोध," म्हणाले, "मला पण सांग."

शेवटच्या वर्षाला आमचा एक अभ्यासक्रम होता, कोर्टात जाऊन नुसतं बसण्याचा. अटक झालेल्या माणसाला जजसमोर पहिल्यांदा आणतात, त्याला घरी सोडायचं की जामिनाचे पैसे भरेपर्यंत आत ठेवायचं ते तिथे ठरतं, तेही पापड भाजायला लागेल तेवढ्या वेळात. आम्ही दोघादोघांनी जायचं, बघायचं आणि कोणाला काय मिळालं ते वर्गात मांडायचं. बोलायची परवानगी नाही. माझी जोडीदार बावीस वर्षांची काळी मुलगी होती, आजीनं वाढवलेली. पहिल्या दिवशी मी सवयीनं मागच्या बाकाकडे वळले तर तिनं मला दंडाला धरून पुढे नेलं.

"इथे बस, आँटी. आपण त्यांना बघतो तसे आपण त्यांना दिसलोही पाहिजे." आँटी म्हणणं ती आमच्या घरी आली तेव्हा माझ्या मुलीकडून शिकली होती. मग म्हणाली, "माझ्या भावाला आणलं तेव्हा आजी ड्यूटीवर होती. जजनं विचारलं, याच्यासाठी कोणी आलंय का? कोणी नव्हतं. कोणी असलं तर घरच्यांच्या हवाली करतात, नसलं तर आत. माझा भाऊ अजून त्या रिकाम्या बाकांबद्दल बोलतो."

असे आम्ही बरेच शुक्रवार बसलो. तुरुंगाच्या नारिंगी कपड्यांत, हाताला बेड्या, एकामागून एक माणसं येत. बहुतेक काळी, काही मेक्सिकन, एखादा गोरा. एका म्हाताऱ्याची पँट सारखी खाली घसरत होती आणि बेड्यांमुळे त्याला ती धरता येत नव्हती. मी ते नीट पाहिलं, वर्गात सांगितलंही, आणि बाईंनी माझं निरीक्षण चांगलं आहे असं म्हटलं. त्या दिवशी मी खूश होऊन घरी आले होते. आता ते आठवलं की अंगावर शहारा येतो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी बाजूचं दार उघडलं आणि आत आलेल्या माणसांत शेवटी काका होते.

आधी मला ओळखूच येईनात. चष्मा नव्हता. केस विस्कटलेले. ते नारिंगी कपडे त्यांना दोन माप मोठे होते. नंतर कळलं ते असं की काकू आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेल्या, काका आदल्या संध्याकाळी कोणाकडे तरी गाण्याच्या बैठकीला गेले, दोन पेग घेतले आणि स्वतः ड्राइव्ह करत निघाले. कोणाच्या तरी घरासमोरच्या मेलबॉक्सवर गाडी घातली. कोणाला लागलं नाही, पण पोलीस आले, आणि तोंडाला वास होता. घरच्यांचे नंबर सगळे फोनमध्ये, फोन पोलिसांकडे. आणि पाठ असते तरी त्यांनी कोणाला कळवलं असतं असं मला वाटत नाही.

काका डोळे बारीक करून बाकांवरून नजर फिरवत होते. मी उठले आणि बाहेर गेले.

विचार करून गेले नाही. आमच्याकडे कोणाची फजिती झाली की आपण ती पाहिलीच नाही असं करायचं असतं. माझ्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा आख्खी गल्ली वर्षभर त्यांना 'काय, आज सुट्टी का?' असं विचारत होती, आणि माझी आई म्हणायची, किती चांगली माणसं आहेत. वडीलधाऱ्याची लाज राखायची तर आधी आपली नजर वळवायची, एवढंच मी शिकले होते. काकांना मी इथे बसलेली दिसले तर ते मेल्याहून मेल्यासारखे होतील, असंच माझ्या मनात आलं. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि आपण फार समजूतदारपणे वागलो असं मला खरोखर वाटत होतं.

बऱ्याच वेळानं जेवणाची सुट्टी झाली आणि माझी जोडीदार बाहेर आली.

"तू कुठे होतीस? शेवटचा एक म्हातारा होता, तुमच्यातलाच असेल. जजनं विचारलं, कोणी आहे का तुमच्यासाठी, त्यांच्याबरोबर घरी सोडतो. तर तो आपल्या बाकाकडे बोट करून म्हणाला, माझी पुतणी इथे बसली होती, बाहेर गेली असेल, येईल आता. जज थांबला पण. सगळे दाराकडे बघत होते. मग मागे कोणीतरी हसलं. जजला वाटलं, याची अजून उतरली नाही. पैसे भरल्याशिवाय सोडू नका म्हणाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू ओळखतेस त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

उठून गेले ते काकांसाठी, असं मी अजूनही कुठेतरी म्हणू शकते. हा 'नाही' मात्र निव्वळ माझ्यासाठी होता. इतके शुक्रवार मी तिच्या लोकांना बेड्यांत पाहत होते, आणि त्या बेड्यांतला एक माझा आहे हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं घाणेरडं होतं ते. तेव्हाच आत जाऊन कारकुनाला सांगितलं असतं तरी काहीतरी करता आलं असतं. मी पार्किंगमध्ये गेले आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आपण नको त्यात पडायला यार. त्यांना आवडणार नाही कोणाला कळलेलं. मुलगा आहे ना सिॲटलला, तो बघेल." मला हवं होतं तेच तो बोलला. मी गाडी सुरू करून घरी आले, मुलीला पास्ता करून दिला.

काका शनिवार-रविवार आतच होते. रविवारी मराठी शाळेचं दार बंद बघून कोणीतरी त्यांच्या मुलाला फोन केला, मग तो विमानानं आला आणि त्यानं त्यांना सोडवलं.

शाळा पुन्हा उघडली नाही. काकू पुण्याहून परत आल्या, आणि जूनमध्ये इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडताना मला भेटल्या. मी तोंड चुकवणार होते, पण त्यांनीच हाताला धरलं.

"तुला म्हणून सांगते, कोणाला बोलू नकोस. ड्रिंकचं मी समजू शकते गं. पण यांना भास होतात. कोर्टात म्हणे तू बसली होतीस. निळा स्वेटर घालून! जजना सांगितलं यांनी, ही माझी पुतणी. आणि बघतात तर कोणी नाही. तू असतीस तर गप्प बसली असतीस का! आता मुलगा म्हणतो, डॅड शुड नॉट ड्राइव्ह. मेमरीच्या डॉक्टरकडे नेतोय. शाळा पण नको म्हणाला, मुलांची जबाबदारी असते. आणि हे ऐकतात सगळं. आधी भांडायचे, नव्हे ती होतीच तिथे म्हणून. आता स्वतःच म्हणतात, माझं डोकं गेलंय."

मी कढीपत्त्याची जुडी हातात धरून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "तू रडू नकोस गं, होईल नीट." माझीच समजूत घालत होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जोडीदाराला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं आणि सगळं सांगितलं. माफीही मागितली. तिनं वही मिटून बाजूला ठेवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"आमची लाज राखायला तू कधी उठून गेली नाहीस," ती म्हणाली. "त्या पँटवाल्या आजोबांसाठी नाही उठलीस. उलट वर्गात सांगितलंस."

"हो."

"आणि माझी माफी कशाला मागतेस? तो माणूस वेडा झालोय असं समजून घरात बसलाय. जा त्याच्याकडे."

जाणं जिवावर आलं होतं, हे मी लपवत नाही. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आले. सांगितलं की काकू मंडळात सांगणार, मंडळात सांगितलं की संपलंच. वकीलबाई कोर्टात होत्या आणि पळून गेल्या. या गावात मला वीस वर्षं झाली, माझी मुलगी इथेच लग्नाची होणार. हे सगळं मी गाडीत बसून मोजलं. मग मला त्यांचा तो प्रश्न आठवला, यात आपण कुठे बसतो गं. तिसऱ्या वेळी मी बेल वाजवली.

काकांनीच दार उघडलं. बारीक झाले होते. मला पाहून हसले, पण 'वकीलबाई' म्हणाले नाहीत. "ये, ये. बस. मुलगी कशी आहे? मराठी बोलते का?" टीपॉयवर शब्दकोड्यांचं पुस्तक होतं. मुलानं आणून दिलेलं, मेंदूला व्यायाम म्हणून. बोलता बोलता ते मध्येच थांबत आणि आपण बरोबर शब्द वापरला ना, असं माझ्या चेहऱ्यावर तपासत. रविवारी पंधरा मुलांना काना-मात्रा शिकवणारा माणूस.

काकू आत चहा टाकत होत्या. मी म्हणाले, "काका, मी होते तिथे."

"कुठे?"

"कोर्टात. पुढच्या बाकावर. तुम्हाला आत आणलं आणि मी उठून गेले. तुम्ही मला पाहिलंत ते खरं होतं."

मी मान खाली घातली. आता ओरडतील, निदान 'का गेलीस' असं तरी विचारतील, याची मी वाट बघत होते.

"निळा स्वेटर?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, काका. निळाच."

"बटणं पुढे?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तो बघवेना. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला, जसं काही मी त्यांच्यासाठी फार मोठं काम करून आले होते. का गेलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. आजवर विचारलेलं नाही.

"अगं, बाहेर ये!" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता. "ऐक ही काय म्हणतेय! ही होती तिथे! मी म्हणत नव्हतो?"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागल्या.

"सांग, वकीलबाई," काका आनंदानं म्हणाले. "सांग हिला सगळं, पहिल्यापासून."