जवसाचा डबा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. फोन वाजला की मला वाईटच ऐकू येतं, दार वाजलं की आधी खिडकीतून बघते. माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की हिच्यासमोर फुगासुद्धा विचारून फुगवावा लागतो. सांगू दे. ही भीती मी जन्मताना घेऊन आले नव्हते. ती दहाव्या वर्षी, अडीच दिवसांत, आमच्या स्वयंपाकघरात माझ्या अंगात शिरली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमचं गाव उदगीरच्या अलीकडचं. नवा जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले, शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवलं, आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं. थंडी सरायच्या आत घरोघरचे आड आटले. मग टँकर सुरू झाला. टँकरवाला लातूरचा. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात त्याची ऊठबस होती आणि कोणत्या गावाला पाणी कधी जायचं हे साहेबापेक्षा तोच ठरवतो, असं लोक म्हणायचे. वय पस्तिशीच्या पुढं, बायको वारलेली, दोन मुलं. एकदा त्यानं माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, घागर उचलताना पाहिलं. त्यानंतर टँकर चौकात थांबायचा बंद झाला आणि आमच्या दारासमोर थांबायला लागला.

गल्लीतल्या बायकांना आनंदच झाला. दहा पावलं कमी चालावं लागत होतं ना. कोणी काही विचारलं नाही. महिन्याभरात त्याच्याकडून मागणी आली आणि अप्पांनी होकार दिला.

अप्पा म्हणजे माझे वडील. गावात किराणा दुकान, तोलून मापून बोलणं, आवाज कधी चढवायचे नाहीत. वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. "लातुरात घर हाय, घरात नळ हाय," ते म्हणाले. "पोरगी जलमभर डोक्यावर घागर घेणार न्हाई." त्या वर्षी कुठल्याही बापाला हे पटलं असतं. अक्का अकरावीत होती, गणितात हुशार, जिभेनं फटकळ. ती दोन दिवस रडली आणि मग बोलायचीच बंद झाली. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा एवढंच म्हणाली, "बारावी तरी करू द्या तिला." अप्पा वर न बघता म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" अव्वा पीठ मळत राहिली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्यापुढं दुसरं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. साखरपुडा गुरुवारी ठरला.

सोमवारी सकाळी परसातल्या आडावरून अव्वाची किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. ती आडाच्या काठाला धरून खाली बघत होती. "दोरा तुटला," ती म्हणाली. "पाणी आलं का बघाया वाकले आन् लिंग आडात पडलं."

आम्ही लिंगायत. आमच्यात देव गळ्यात असतो. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात बांधून, छातीवर. सकाळी अंघोळ झाली की तळहातावर घ्यायचा, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. गळ्यात लिंग नाही तर अन्न नाही आणि पाणीही नाही. आता पुष्कळजण डबी कपाटात ठेवून चहा पितात, मीही त्यातलीच. अव्वाचं तसं नव्हतं. मठातले स्वामी नवं लिंग देऊ शकले असते, पण ते बिदरकडं गेले होते, शुक्रवारी येणार होते. शिवाय देव समोरच्या आडात पडलाय म्हटल्यावर नवा मागायचा तरी कोणत्या तोंडानं?

आडात पाणी नव्हतं, गुडघाभर गाळ होता. गल्लीतला एक आड उपसणारा माणूस दोर बांधून खाली उतरला. बादल्या भरभरून गाळ वर यायला लागला आणि बायका तो चाळणीनं चाळायला बसल्या. पितळी पेला निघाला, किल्ली निघाली, एक पैंजण निघालं. त्या पैंजणावरून दोघींचं असं जुंपलं की लिंगाचा विसरच पडला. संध्याकाळपर्यंत परसात गाळाचा ढीग झाला आणि हाती काही लागलं नाही.

अव्वा मधल्या खोलीत भिंतीशी आडवी झाली होती. "लिंग गळ्यात न्हाई तवर मी घरात शुभकार्य कसं करू?" असं ती आल्यागेल्याला विचारत होती. बायका मान हलवत होत्या, कोणी हळूच अपशकून म्हणत होतं. अप्पा म्हणाले, "गुरुवारचं गुरुवारी बघू."

मंगळवारी ऊन असं होतं की परसातला गाळ वाळून पायाखाली खापरासारखा वाजत होता. अव्वाचे ओठ पांढरे पडले होते. अक्का ओलं फडकं घेऊन गेली की ती तोंड फिरवायची. मला तिच्याजवळ जायची भीती वाटायला लागली. मरण म्हणजे काय हे मी पाहिलेलं नव्हतं, पण ते असंच भिंतीशी येऊन बसत असणार असं मला वाटत होतं. आणि त्यातच भूक लागलेली. चूल दोन दिवस थंडच होती. शेजारणीनं भाकरी दिली होती, तिच्याबरोबर काहीतरी हवं म्हणून चटणीसाठी मी फळीवरचा जवसाचा डबा खाली काढला आणि आत हात घातला.

बोटांना दोरा लागला. ओढला तर चांदीची डबी वर आली.

मी नाचतच मधल्या खोलीत गेले. "अव्वा, लिंग घाव..." एवढ्यात तिचा हात माझ्या तोंडावर बसला. उठून बसता येत नव्हतं त्या बाईला, पण तो हात मला अजून तोंडावर जाणवतो.

"हळू," ती म्हणाली. "ठेव तिथंच."

"तूच ठेवलंस?"

"हाव."

मी रडायला लागले. ती माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द ओढत बोलली. "गुरुवार टळू दे. त्या माणसाला घाई हाय, तो दुसरीकडं बघंल. लोकं अपशकून म्हणतील, माझं नाव कोणी घेणार न्हाई. अक्काला सांगू नको, ती तोंडाची फटकळ हाय."

"मग पाणी तरी पी की. कोणी बघत न्हाई."

"तो बघतोय की," ती म्हणाली, आणि माझ्या मुठीतल्या डबीकडं तिनं बोट केलं. "पडलं कुठं ते मी खोटं बोलले. उपास खोटा न्हाई करायचा."

मी परत गेले. घाईनं डबी आत सरकवताना मूठभर जवस जमिनीवर सांडलं. जवस तसंही हातात राहत नाही. चार दाणे उचलले तेवढ्यात दारात अप्पांची पावलं वाजली. डबा फळीवर लोटून मी रिकाम्या रांजणामागं बसले.

अप्पा दोर न्यायला आले होते. दोर खांद्यावर टाकून निघाले आणि थांबले. खाली सांडलेला दाणा दुकानदाराच्या नजरेतून सुटत नाही. ते वाकले, जवस गोळा केलं, डबा काढून झाकण उघडलं. मूठ आत सोडताना त्यांचा हात तिथंच राहिला. मग हळूहळू दोरा वर आला आणि त्याच्या टोकाला डबी लोंबकळायला लागली.

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. आता अव्वाला बोलणी बसतील, कदाचित मारही बसेल, पण ती पाणी पिईल. मी श्वास धरून वाट बघत होते की ते आता हाक मारतील.

अप्पांनी डबी कितीतरी वेळ बघितली. दोन्ही डोळ्यांना लावली, भक्तीनं, रोज स्वतःची लावायचे तशी. मग परत डब्यात ठेवली. वरून जवस सारखं केलं, झाकण दाबलं, डबा होता तिथं ठेवला आणि बाहेर गेले. परसातून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा तोलून मापून. "आजून दहा बादल्या काढा रे. डाव्या अंगाला बघा."

आतापर्यंत मी दुष्काळाला भीत होते, मरणाला भीत होते. आता मी त्या आवाजाला भ्यायले. ती तहानेनं मरायला टेकलीय हे त्यांना दिसत होतं. देव कुठं आहे हेही माहीत होतं. आणि ते गाळ काढायला लावत होते. कोण आधी हरतंय, एवढंच बघायचं होतं बहुतेक. आणि हे सगळं ठाऊक असलेली घरात मी एकटी, दहा वर्षांची.

संध्याकाळी ते अव्वाच्या पायाशी येऊन बसले. मी दोघांच्या मधे होते.

"आठव जरा," ते म्हणाले. "आडातच पडलं ना?"

"हाव."

"बघ बरं का. पाहुणे येणार."

"लिंगाबिगर मी ओटी कशी भरू?"

"तुझ्याबिगर होईल मग. भैनीला बोलावतो माझ्या."

एवढं बोलून ते उठले. ते तिला वाट काढून देत होते की फास आवळत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी तेही जेवले नाहीत. हेही सांगितलं पाहिजे.

बुधवारी सकाळी अव्वानं मला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारली. डोळे आत गेले होते, जीभ टाळूला चिकटत होती. अक्का डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडत होती. मी तिच्या कानाशी वाकून सगळं ओकून टाकलं. "अव्वा, अप्पांनी डबा बघितला. लिंग काढलं, डोळ्याला लावलं आन् परत ठेवलं."

तिनं वरच्या पत्र्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

"कवा?" तिनं विचारलं.

"काल. दुपारी."

"काल दुपारपास्नं," ती म्हणाली, माझ्याशी नाही. मग म्हणाली, "जा. घेऊन ये."

अक्कानं तिला धरून बसवलं. तांब्याभर पाण्यात तिनं अंग पुसलं, डबीतून लिंग काढून तळहातावर घेतलं. हात एवढा हलत होता की खालून मी तो धरून ठेवला. बेल वाळकाच होता. पूजा झाल्यावर तिनं कपाळ त्या हातावर टेकवलं आणि "चुकले" म्हणाली. नंतर पाण्याचा घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला. अक्का रडत होती आणि मी अजून भीतच होते, कारण खरं तर आता सुरू होणार होतं.

दोरा गळ्यात अडकवून ती भिंत धरत परसात गेली. आडाशी पाचसहा माणसं होती, काठावर अप्पा दोर धरून उभे. तिच्या छातीवरची डबी बघून सगळे एकदम बोलायला लागले. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, कुठं घावलं?"

अप्पांनी मान वर केली. मी तिचा पदर घट्ट धरला.

"काल दुपारी ह्यांनी ठेवलं होतं तिथंच," अव्वा म्हणाली.

लोकांना काही उमगलं नाही. कोणी हसलंसुद्धा. अप्पांच्या हातातला दोर मात्र सुटला आणि बादली खाली गाळात आपटली. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा अव्वा एक पाऊल पुढं झाली आणि एवढ्या हळू बोलली की ते त्यांना आणि मलाच ऐकू आलं. "मी मेले तरी तुमाला चालत होतं. मग आता तुमाला भिऊन काय करू? उद्या कोणी येणार न्हाई. जाऊन सांगून या."

अप्पा दुपारच्या एसटीनं लातूरला गेले.

पुढं जे व्हायचं ते झालं. टँकर आमच्या दारासमोर थांबेना, मग गल्लीतच येईना. ज्या बायकांनी दोन दिवस गाळ चाळला त्याच अक्काला बघून तोंड फिरवायला लागल्या. तो सगळा उन्हाळा आम्ही तिघींनी माळावरच्या एका विहिरीवरून पाणी आणलं. अक्का बारावी झाली, पुढं बँकेत लागली, नवराही तिनं स्वतःच बघितला.

पण मला रोज आठवतं ते त्याच बुधवारचं. दिवेलागणीला अप्पा परत आले, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले. अव्वा चुलीपुढं, अशक्त, पण भाकरी तिनंच थापली होती. तिनं ताट वाढलं, तांब्या ठेवला. मी दाराआड उभी होते, कारण आता काय होईल या भीतीनं मला बसवत नव्हतं. अप्पांनी घास मोडला आणि हातातच धरला. कधी नव्हे तो त्यांचा आवाज तोलातून सुटला.

"लई तहान लागली होती का गं?"

अव्वानं तव्यावरची भाकरी उलटली. त्यांच्याकडं बघितलं नाही.

"काल विचारायचं होतं," ती म्हणाली.