इंचाला चौऱ्याऐंशी

भूत, भानामती, अंगात येणं... मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. शाळा तिसरीपर्यंत, पण चाळीस वर्षं हातमाग चालवलाय. धागा मोजायला मला कुणी शिकवू नये.

सन तेहतीसच्या सुमाराला साखर पेठेत आमच्या शेजारी एक तरणे मास्तर राहायचे. शाळेत सायन्स शिकवायचे, नोकरी कच्ची. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे उजेडाच्या लाटेची लांबी मोजून दाखवली की पक्की होणार! मिठाची पिवळी ज्योत मलमलीतून बघायची — एकीच्या शेजारी आणखी ज्योती दिसतात, त्यांच्यातलं अंतर मोजायचं. त्यासाठी इंचात धागे किती, ते नेमकं लागतं. मलमल मी विणून दिली.

"दादा, खळ धुऊन काढलीय. पुन्हा मोजाल का?"

"इंचाला ऐंशी म्हंजी ऐंशी! माझ्या मागाची फणी खोटं बोलत न्हाय. तुमी तुमच्या लाटा मोजा की!"

मागावरचं ताणलेलं कापड धुतलं की आटतं, धागे जवळ येतात. मला माहीत नव्हतं का? पण बोललो ते बोललो.

साहेबांपुढे उत्तर चुकलं. मास्तरांनी तुकडा परत आणून दिला. "तुमची मेहनत वाया घालवली, दादा."

ते गेल्यावर मोजले. चौऱ्याऐंशी. बायकोनंही मोजले. "अवो, जावा की! सांगा त्यास्नी!"

दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, मास्तरांना काढतायत. तेव्हा उठलो.

भर दुपारी, हेडमास्तरांच्या टेबलावर, मास्तरांसमोर तुकडा पसरला. "चूक माजी हाय," म्हटलं. मधे बरोब्बर एक इंचाची खिडकी कापलेली पितळी पट्टी ठेवून सुईनं मोजलं... ऐंशी. जागा बदलली. ऐंशी. हेडमास्तरांनी स्वतः मोजले, तरी ऐंशीच. तुकडा तोच — कोपऱ्यात माझ्या हातची लाल गाठ होती.

"म्हणजे चूक मास्तरांचीच," म्हणून हेडमास्तरांनी मास्तरांना काढायच्या कागदावर सही केली.

बाहेर मास्तरांनी माझे हात धरले. डोळ्यांत पाणी. "माझ्यासाठी खोटं बोलायला आलात, दादा? तुमच्यासारखा मानी माणूस!"

मी मान हलवली. हो म्हणून.

घरी बायकोनं पुन्हा मोजले — चौऱ्याऐंशी.

कापडानं तसं का केलं, मला आजवर उमगलेलं नाही. मी मान का हलवली, ते मात्र पक्कं माहीत आहे.