ढोलीतल्या मादीचा शिधा

साडेनऊ वाजले तरी नर आला नव्हता. प्रोफेसरांनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं आणि विचारलं, "फॉरेस्टर, काल या वेळेपर्यंत तो किती वेळा आला होता?"

चार वेळा, मी म्हणालो. ते त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं.

लढाईचे दिवस होते. पाटणच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात माझा राउंड होता. राउंड म्हणजे एका फॉरेस्टरने सांभाळायचा जंगलाचा तुकडा. त्यात खात्याचा एक बंगला होता. साहेब लोक तिथे शिकारीसाठी उतरत. नुसता पक्षी बघायला आलेला पहिला माणूस म्हणजे हे प्रोफेसर. सांगलीच्या कॉलेजात शिकवायचे. चार दिवसांची रजा काढून, एस.टी. नव्हती त्या काळात, शेवटचे नऊ मैल चालत आले होते.

बंगल्यासमोरच्या बेहड्याच्या झाडात धनेशाची ढोली होती. धनेश घारीपेक्षा मोठा, पिवळ्या चोचीवर शिंगासारखा टोप. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. दोन-तीन महिने नर आणेल तेच ती आणि पिल्लू खातात.

नर का आला नाही, ते मला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी रेंजरसाहेब फिरतीवरून आले. बंगल्यापासून दीड मैलावर, ओढ्याच्या उंबराखाली मी त्यांना भेटलो. वर धनेश बसला होता. साहेबांच्या आईचे गुडघे धरले होते आणि कुणीतरी धनेशाचं तेल सांगितलं होतं. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली. चोचीच्या कडेचा टवका उडालेला मला खालून दिसत होता. हा आपलाच नर, हे मी ओळखलं. साहेब नेम सावकाश धरायचे. बोलायला वेळ होता. मी बोललो नाही. पक्षी पडल्यावर उचलून मीच त्यांच्या घोड्याला बांधला.

प्रोफेसर दुपारी जेवले नाहीत. दुर्बीण फटीवर लावून बसले. मादीची चोच बाहेर यायची, थोडी उघडायची, आत जायची. चारच्या सुमाराला मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांचं नाव घेतलं आणि माझंही.

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "ढोली फोडली तर ती खाली पडेल. नाही फोडली तर आत मरेल. पुढचं पुस्तकात नाही."

भागू धनगर तिथेच म्हशी वळत होता. मधाची पोळी काढण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस खोऱ्यात नव्हता. त्याला विचारलं तर त्याने बेहड्याला हात न लावता शेजारचं जांभूळ नजरेने मोजलं.

"आवं, नवरा मेला म्हून बाईनं उपाशी मरायचं व्हय?" तो म्हणाला. "तिला जाग्यावर नेऊन द्यायाचं. लय उंच न्हाई."

त्याने लांब बांबूचं टोक चिरलं, त्यात उंबर अडकवलं आणि जांभळावर चढून ते फटीपाशी धरलं. मादीने बांबूचं टोक फोडलं. दुसऱ्या दिवशी उंबर घेतलं आणि खाली टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच झालं. त्या दिवशी प्रोफेसरांची रजा संपत होती. निघायच्या आधी अर्धा तास तिने एक उंबर घेतलं. खाली काही पडेना. भागूने दुसरं लावलं, तेही गेलं. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. दुर्बीण आणि वही माझ्याकडे ठेवून ते चालू लागले.

मग रोज तीन खेपा. भागूने स्वतःच्या मनाने सरडेही सुरू केले. आत पोर हाय, नुसत्या फळावर त्याचं अंग धरायचं न्हाई, असं त्याचं म्हणणं होतं.

आठवड्याने रेंजरसाहेब इन्स्पेक्शनला आले. भागू झाडावर होता, हातात बांबू, टोकाला सरडा. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. या वेळी मी थांबलो नाही.

"साहेब, आत मादी आहे. हिचा नर तुम्ही मारलात. मी उचलला."

साहेब घोड्यावरच बसून होते. भागूने सरडा पोचवला, तो आत गेला.

"ड्यूटीच्या डायरीत या वेळेचं काय लिहिता?" साहेबांनी विचारलं.

"वणव्याची टेहळणी."

"तेच लिहा."

एवढं बोलून ते गेले. माझी बदली होणार असं मी धरून चाललो. चार दिवसांनी साहेबांचा शिपाई आला, तो पिकलेल्या पपयांची पाटी घेऊन. चिठ्ठी नव्हती. पपया बंगल्यासाठी का, असं विचारलं तर म्हणाला, झाडासाठी सांगितल्यात. पाटी नंतरही दर आठवड्याला येत राहिली. 

भागू चढायला लागल्यापासून एकतिसाव्या दिवशी सकाळी मादी आतून लिंपण फोडू लागली. दुपारपर्यंत डोकं बाहेर आलं, मग अंग. नवी पिसं चुरगळलेली होती. ती उडाली ती निम्मी पडल्यासारखी, आणि समोरच्या फांदीवर टेकली. भागूने सवयीने बांबू पुढे केला. तिने तो बघितलाही नाही. पिल्लाने आतून फट पुन्हा लिंपून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून मादी स्वतः उंबरं आणू लागली. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लू उडालं. मी वहीत तसं लिहिलं आणि वही, दुर्बीण सांगलीला पोचती केली.

खात्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. बंदूक साहेबाच्या हातात असली की खालच्या माणसाने बोलू नये, असं मला नोकरीला लागताना सांगितलं होतं. उंबराखाली मी बोललो असतो तर एक वाक्य पुरलं असतं. उशिरा बोललो, म्हणून एकतीस दिवस झाडावर चढावं लागलं. तेही भागूला.