अण्णा परत का वळले

फोन आला तेव्हा मी बेंगळुरूच्या चिकपेटात, साड्यांच्या बाजारात होते. मावसबहिणीचं लग्न जवळ आलं होतं, एक दिवसाची सुट्टी काढली होती आणि दुकानदार गादीवर एकामागून एक साड्या उलगडत होता. फोन शिफ्टवरच्या इंजिनियरचा. कोरडी हवा पुरवणारा ड्रायर बंद पडलाय, दुरुस्तीवाला उद्या येणार, तोवर यानात ओलावा शिरेल, नायट्रोजन लावू का? मी म्हटलं, लाव. एवढं मला नक्की आठवतं. त्यापुढे मी ‘कार्ड बदल’ असं म्हटलं की नाही, ते आठवत नाही. तो म्हणतो, नाही म्हटलं. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि मोरपंखी साडीचा पदर हातावर घेऊन उजेडात बघायला लागले. दोन तासांनी मेट्रोचा जिना उतरताना पुन्हा त्याचाच फोन आला. या वेळी त्याला नीट बोलताच येत नव्हतं. ‘सिद्दप्पा... आणि अण्णा... दोघं...’ मागून येणारी माणसं मला ढकलून पुढे जात होती आणि मी त्याला वेड्यासारखी विचारत होते, ‘कार्ड कुठलं होतं? दारावर कार्ड कुठलं होतं?’

दोन माणसं गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. म्हणजे मला माहीत होतं.

हे मी सुरुवातीलाच लिहिते आहे, कारण अण्णांवर लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करणं म्हणजे लपवाछपवी होईल. वसंत निलजकर, म्हणजे आमच्या कंपनीतले सगळ्यांचे अण्णा. आम्ही माणसांना अंतराळात नेणाऱ्या यानाची कुपी बनवतो, माणसं बसायची ती गोल खोली. बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंक्याच्या पुढे आमची शेड आहे. अण्णा तिथले सुरक्षा अधिकारी. मूळचे बेळगावकडचे, हवाई दलात विमानांच्या देखभालीवर नोकरी करून निवृत्त झालेले, येलहंक्यातच घर बांधून राहिलेले. मी नागपूरची. शेडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर आईला ‘मी येऊन राहिली’ म्हणाले ते त्यांनी ऐकलं आणि दुपारी डबा उघडताना विचारलं, ‘येऊन राहिली, की नुसतीच आली?’ मी म्हटलं, ‘तुम्ही मराठीत थोडंला कानडी स्वल्प म्हणता ते चालतं का?’ तेव्हापासून डबा एकत्र. चारचौघांत मी मॅडम, डब्यावर अक्का. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, तरी अक्काच. ‘आमच्याकडं तसंच म्हणतात की,’ म्हणायचे.

त्यांचा वर्ग ज्यांनी केलाय त्यांना तो विसरता येणार नाही. नव्या माणसाला शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी त्यांचा वर्ग करावाच लागे. वर्ग ते कन्नड-हिंदीत घ्यायचे, मी इथे त्यांच्या मराठीत लिहितेय. टेबलावर स्टीलची बादली. तिच्यात ते नळीनं नायट्रोजन भरायचे. काही दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. मग तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती हळूच आत सोडायची. काठाच्या खाली गेली की ज्योत जायची. फडफड नाही, काही नाही. अण्णा विझलेली मेणबत्ती वर काढून विचारायचे, ‘ही ओरडली काय?’ पोरं हसायची. ‘माणूसबी ओरडत नाही. गुदमरतोय असं वाटतच नाही त्याला. दोन श्वास, पाय गेले, संपलं. म्हणून आत काय आहे ते नाकाला विचारायचं नाही. कार्डाला विचारायचं, मीटरला विचारायचं.’ आणि मग शेवटचा प्रश्न, प्रत्येक वर्गात तोच. ‘आत कोण पडलेला दिसला तर काय करायचं?’ कुणीतरी म्हणायचंच, बाहेर काढायचं. ‘नाही. हूटर. मग हवेच्या टाकीचा मास्क. मास्क लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. तुम्ही आत गेलात तर मला एकाऐवजी दोघांना काढायला लागेल, आणि दोघंबी गेलेले असतील.’ हे ते इतक्या थंडपणे सांगायचे की एकदा एक मुलगी वर्गातून उठून गेली होती.

कुपीच्या दारावर कार्ड टांगलेलं असायचं. हिरवं म्हणजे आत श्वास घ्यायची हवा, लाल म्हणजे नायट्रोजन. मूळ कार्यपद्धतीत ओळ होती की आधी सुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतः येऊन लाल कार्ड लावायचं, सही करायची, मगच नायट्रोजनचा व्हॉल्व उघडायचा. अण्णा वर्गात असले, मीटिंगमध्ये असले की सगळं काम त्यांच्यासाठी खोळंबायचं. वेळापत्रक आधीच मागे पडलेलं. वरून रोज विचारणा. गेल्या वर्षी कार्यपद्धती सुटसुटीत करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ती ओळ बदलली. गॅस बदलायची परवानगी चाचणी प्रमुखानं द्यायची, म्हणजे मी. आणि कार्ड शिफ्टवाल्यानं त्याच वेळी बदलायचं. अण्णांना मेल जाईल. मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

‘ही ओळ काढू नका, मॅडम.’

‘काढत नाहीये अण्णा. फक्त पुढे-मागे करतेय.’

‘पुढे-मागेच तर सगळं आहे.’

मी त्यांना समजावलं. व्हॉल्व आणि दार यांच्यात वीस पावलांचं अंतर आहे, एकच माणूस दोन्ही करेल, चूक कशी होईल? वर्षभरात तुम्हाला किती वेळा बोलावलं आणि एकदा तरी गडबड झाली का? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, व्हॉल्वला कुलूप लावा आणि त्याची किल्ली लाल कार्डाला बांधा, म्हणजे लाल कार्ड हातात घेतल्याशिवाय व्हॉल्व उघडणार नाही. आणि दारापाशी कायमचा ऑक्सिजन मीटर बसवा. मी म्हटलं, मागणी टाकते. टाकलीही. पुढच्या खरेदीत बघू, असं उत्तर आलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. अण्णांनी सही केली. पेन खिशात अडकवत म्हणाले, ‘सरी, ठीक आहे. तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल.’

हे वाक्य मी रोज ऐकते. दात घासताना, सिग्नलला गाडी थांबली की. त्यांनी भांडायला हवं होतं. त्यांनी माझी तक्रार करायला हवी होती. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

त्या दिवशी काय झालं ते आता कागदावर आहे. शिफ्टवाल्यानं माझा होकार मिळताच व्हॉल्व उघडला. दाराकडे निघाला, तेवढ्यात सोमवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या तयारीसाठी त्याला ऑफिसात बोलावलं. दहा मिनिटांत येतो म्हणून गेला आणि तिथेच अडकला. अण्णांना गेलेली मेल त्यांनी उघडलीच नव्हती, ते वरच्या मजल्यावर वर्ग घेत होते. जेवणानंतर सिद्दप्पा आला. आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ, शब्द मोजून बोलणारा. आसनावरचं संरक्षक कापड काढायचं राहिलं होतं. त्यानं दारावरचं कार्ड बघितलं. कॅमेऱ्यात दिसतं, त्यानं थांबून, मान वळवून कार्ड बघितलं. हिरवं होतं. अण्णांनी शिकवलं तसंच त्यानं केलं, कार्डाला विचारलं. कार्ड खोटं बोललं. तो दोन पायऱ्या चढून आत वाकला, आणि मग त्याचे फक्त पाय बाहेर राहिले.

लोक मला विचारतात, अंतराळात झाला का अपघात? नाही हो. ते यान अजून शेडच्या बाहेरसुद्धा गेलेलं नाही. जमिनीपासून दोन पायऱ्यांवर झाला.

चौकशी समितीनं मला ते चित्रण तीनदा दाखवलं. आवाज नाही त्याला. अण्णा वर्ग संपवून जिन्यानं खाली येतात. कुपीच्या दारातून बाहेर राहिलेले सिद्दप्पाचे पाय त्यांना दिसतात. एक क्षणही न दवडता भिंतीवरचं हूटरचं बटण दाबतात. अगदी नियमाप्रमाणे. मग मास्कच्या कपाटाकडे वळतात. कपाट शेडच्या पलीकडच्या भिंतीला होतं. एक, दोन, तीन, चार पावलं... आणि थांबतात. मागे बघतात. आणि परत वळतात. दारापाशी येऊन छाती भरून श्वास घेतात, तो रोखून धरतात, हेही स्पष्ट दिसतं. कमरेपर्यंत आत वाकून सिद्दप्पाला ओढायला लागतात. त्याचा कामाचा डगला आत कशाला तरी अडकला होता, हे नंतर कळलं. ते ओढतात, पुन्हा ओढतात. मग त्यांच्या पाठीचा जोर एकदम जातो. रोखलेला श्वास सुटला असणार, आणि दुसरा घेतला असणार. तिथला. मास्क घालून माणसं पोचली तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, अण्णा परत वळले तेव्हा सिद्दप्पा बहुधा आधीच गेलेला होता.

समितीतल्या एकानं मला विचारलं, ‘ते परत का वळले असतील, तुम्हाला काय वाटतं?’ ज्या माणसानं हजारदा सांगितलं की आत जायचं नाही, तो का गेला?

नंतर कंपनीनं सभा घेतली. अण्णांच्या शौर्यावर भाषणं झाली. वर्गाच्या खोलीला त्यांचं नाव दिलं, दारावर पितळी पाटी लागली. मला शौर्य या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता. शौर्य म्हटलं की माणूस स्वतःच्या मर्जीनं गेला असं होतं. मग ओळ कुणी बदलली हे कुणी विचारायला नको. आणि सिद्दप्पाच्या वाट्याला तर पाटीसुद्धा नाही. अहवालात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, की त्यानं आत जाण्यापूर्वी मीटरनं तपासणी केली नाही. जो मीटर आम्ही बसवलाच नव्हता, आणि हातात धरायचा एकमेव होता तो अण्णांच्या टेबलावर चार्जिंगला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईला मराठी येत नाही, मला कन्नड मोडकंतोडकं येतं. मी तिच्यासमोर बसून आले. ती माझ्या तळहातावर हात फिरवत राहिली, तिला वाटलं मी रडायला आलेय.

आता व्हॉल्वला कुलूप आहे. किल्ली लाल कार्डाला बांधलेली आहे. दारापाशी मीटर आहे, तो किंचाळतो. मास्क दाराशेजारी आहेत. अहवालात या सगळ्याला ‘घेतलेले धडे’ असं म्हटलंय. यातला एकही धडा नवा नाही. जगात आधी कुठे कुठे अशीच माणसं मेली तेव्हाच ते लिहून झाले होते, आणि अण्णा तेच बादलीत मेणबत्ती घालून शिकवत होते. धडा माहीत असून काही होत नाही, हे मला कळलंय. त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. माझी नोकरी गेली नाही. ‘संवादातील त्रुटी’ असं लिहिलं गेलं, आणि त्रुटीला काही नाव-आडनाव नसतं.

मी पाच आठवडे येलहंक्याला अण्णांच्या घरी गेले नाही. शेवटी एका रविवारी सकाळी गेले. वैनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, दार उघडलं, ‘या अक्का’ म्हणाल्या, जसं ते म्हणायचे. मी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. ओळ, सही, चिकपेट, साडी. त्या खाली बघत ऐकत होत्या. माझं संपलं. शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

‘तुम्हाला माफ करावं असं वाटत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि रागबी येईना. दोन्हीला जोर लागतो.’ मग पदरानं गळा पुसत उठल्या. ‘पाणी तापत ठेवलंय. आंघोळ करून येते. जाऊ नका, बसा.’

मी बसले. न्हाणीघर बैठकीला लागूनच होतं. आत बादलीत पाणी पडत होतं, तांब्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला आणि वैनी आतून मोठ्यांदा म्हणाल्या, ‘आहे!’

मला वाटलं, मला काही सांगतायत. ‘काय वैनी?’ म्हणून मी उठून जवळ गेले. उत्तर आलं नाही. पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज. थोड्या वेळानं परत, ‘आहे!’

तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. फटीतून आतली तुटलेली कडी दिसत होती, चौकटीच्या लाकडाचा ढलपा उडालेला, आणि दार आतून सुतळीनं बांधून घेतलेलं.

वैनी केस पुसत बाहेर आल्या. मी तिथेच उभी बघून त्यांनी दाराकडे पाहिलं.

‘गॅसचा गिझर आहे ना,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्या गॅसनं बंद खोलीत माणूस गुपचूप जातो, असं हे म्हणायचे. खिडकीची काच काढून टाकली होती, तरी भरवसा नाही. मी आत गेले की दारावर टकटक करायचे, आहेस काय? मी म्हणायचं, आहे. दर दोन मिनिटांनी. वैताग यायचा हो. एकदा तोंडाला साबण होता, उत्तर द्यायला स्वल्प उशीर झाला... तर खांद्यानं दार फोडून आत. साबणाच्या तोंडानं मी बघतेय आणि हे दारात उभे, थरथर कापत. थांबायचं नाही काय क्षणभर, म्हटलं. तर म्हणाले, थांबवत नाही गं मला.’

त्यांनी सुतळी खिळ्याला गुंडाळून ठेवली.

‘म्हणून अजून सांगते. न विचारता.’