शून्य कचऱ्याचा गुन्हा

फणीवाल्या काकांना सगळी गल्ली ‘राहूदे काका’ म्हणायची. कोणी काही टाकायला निघालं, की काकांचा हात पुढे आलाच. "राहू दे, मला लागेल." फर्निचरच्या कारखान्यांनी फेकलेल्या लाकडातून ते फण्या करत, उरलेल्या चिपट्यांची बटणं करत आणि भुसा शेजारच्या भट्टीला देऊन टाकत. बायको आणि विधवा बहीण फण्या घासून गुळगुळीत करायच्या. एक मोठं दुकान त्यांवर स्वतःच्या नावाचा छाप मारून त्या विकायचं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तिघांचं पोट त्यावरच होतं.

यंदा त्या दुकानाला पर्यावरणाचा उमाळा आला. आपल्या छापाचा माल बनवणाऱ्या प्रत्येकाने कचरा किती कमी केला, ते तपासायचं ठरलं. तपासणीला आलेल्या बाईंनी गेल्या वर्षीचा कचरा विचारला. काकांनी छाती फुगवून शून्य सांगितला. यंदाचाही शून्यच. बाईंनी टॅबवर दोन्ही आकडे भरले आणि त्यांचा चेहरा पडला. घट काहीच नाही, म्हणजे प्रगती नाही, म्हणजे काका नापास आणि फण्या बंद.

बाई मनाने चांगल्या होत्या. वाटही त्यांनीच काढली.

"काका, हे आकडे खोडते. येत्या सोमवारची मोजणी पहिली धरू. तेव्हा दोन पोती कचरा दाखवा, पुढच्या महिन्यात एकच. झालात पास."

काकांनी आठवडाभर कचरा करायचा मनापासून प्रयत्न केला. पण जन्माची खोड ती. सकाळी पोत्यात टाकलेल्या तुकड्याचं दुपारपर्यंत बटण झालेलं असायचं. बहीण पोत्याच्या तोंडावर पाट ठेवून राखण करत बसली, तर हे तिला चहा करायला पाठवत. रविवार उजाडला तेव्हा पोती रिकामी होती आणि खोलीत टाकण्यासारखी चिपटीसुद्धा उरली नव्हती. होत्या त्या फक्त तयार फण्या.

"शून्य कचऱ्याचा तुमचा मान राहील हो," बायको म्हणाली, "पण उद्यापासून आम्ही दोघींनी घासायचं काय?"

काकांनी एक फणी घेतली आणि ते ती दोन्ही हातांनी मोडायला लागले. मोडेना. गुडघ्यावर दाबली, तरी दातसुद्धा हलला नाही. तीस वर्षं प्रत्येक तुकड्यातल्या लाकडाच्या तंतूंची रेघ बघून त्यांनी दात कापले होते. काकांना स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला आणि लगेच भडभडून आलं.

मग त्यांनी हातोडी मागितली. बायकोने ती दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली.