चुलीतले मूग

७ डिसेंबर १९८३. गिरणीत हरभऱ्याची डाळ दळायला घेतली आहे. एरवी सकाळी ज्वारी आधी आणि बेसनाची पाळी दुपारी. आज पाळी मोडली. समोरची इंदुआक्का पहाटे गेली. तिच्या घरात आज चूल पेटायची नाही, आणि मसणवट्यातून परत आलेल्या माणसांच्या तोंडी शेजाऱ्यांनी घालायचा पिठलं-भाकरीचा कडू घास आमच्या घरून जायचा आहे.

खरं तर त्या घराला चूल न पेटण्याची नवलाई नाही. सून येण्याआधी कित्येक वर्षं ती चूल रविवार ते रविवार थंड राहायची, आणि त्यातला एकही दिवस मरणाचा नव्हता. म्हणूनच की काय, सकाळपासून माझं एका जागी चित्त नाही. दोनदा पट्टा घसरला, एकदा डाळीत ज्वारी मिसळता मिसळता राहिली. घमेल्यात पीठ पडतंय तोवर लिहून काढते. हात चालू असले की बरं असतं.

आक्काला बसलेली मी फारशी पाहिली नाही. दळण टाकून बायका गिरणीच्या बाकावर बसतात आणि गप्पा मारतात. ही उंच, सावळी बाई नऊवारी घोट्याच्या वर खोचून दारात येरझाऱ्या घालायची. हातात काकडी, मुळा, नाहीतर पेरू. खाता खाता बोलायचं, बोलता बोलता चालायचं. "बस की जरा," म्हटलं की म्हणायची, "बसल्याली बाई दिसली की लोक काम सांगत्यात. फिरणाऱ्या बाईला कोण सांगत न्हाय. त्येस्नी वाटतं, कामातच हाय."

नवरा लवकर वारला. मुलगा अशोक वारणानगरला नोकरीला, यायचा तो सुट्टीच्या दिवशी. घरात एकटी, आणि पित्ताचा त्रास भारी. डोकं उठलं की दिवसभर अंधारात पडायची, आणि पडून राहणं हीच तिला मोठी शिक्षा. अशात पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये निसर्गोपचारवाले कुणी गृहस्थ व्याख्यान देऊन गेले. विस्तवानं अन्न मरतं, कच्चं खा, असं म्हणाले. आक्का तिथून उठली ती थेट चूल सारवूनच थांबली.

आठवडाभर तिनं नुसता पाला आणि फळं खाल्ली. मग एका सकाळी माझ्या गिरणीत तिचे डोळे फिरले आणि ती ज्वारीच्या पोत्यावर आडवी झाली. मी गूळ-पाणी दिलं, घरातून भाकरी आणि खर्डा आणला. अख्खी भाकरी तिनं संपवली. मग हात झटकत म्हणाली, "त्या पावण्यानं उडी मारायला सांगितली, आणि मी येडी मारली की. माडीला जिना असतोय तो कशाला? आता पायरी-पायरीनं जातो."

"जायलाच कशाला पायजे?" मी म्हणाले.

"डोकं माझं उठतंय का तुझं?"

आणि ती खरोखरच पायरी-पायरीनं गेली. आधी सकाळचे चहा-पोहे सोडले आणि भिजवलेल्या शेंगा धरल्या. ते अंगी लागलं तेव्हा रात्रीचा भात सोडला. मधे एका पावसाळ्यात पोट बिघडलं तर दोन महिने मुकाट्यानं मऊ भात खाल्ला आणि पुन्हा होती तिथून सुरुवात केली. रविवारी अशोकसाठी मटण शिजायचं; सुरुवातीला रस्सा तीही प्यायची. मी मुद्दाम विचारायचे, "आज रस्सा कच्चा हाय व्हय?" ती म्हणायची, "जिन्यात दम खायाचा असतोय, तुला काय ठावं." पुढं रस्साही सुटला. ती शिजवायची, पण मीठ वाफेवरूनच ओळखायची.

भाकरी सगळ्यात शेवटी सुटली. ते मला कुणी सांगावं लागलं नाही. तिचा दळणाचा डबा आधी लहान झाला, मग क्वचित यायला लागला, मग अशोकपुरता. "माझा धंदा बुडवतीस," मी म्हणायचे. "साऱ्या पेठेचं दळतीस, एक डबा न्हाय आला तर काय उपाशी मरतीस?" आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला रहिमान बागवान मात्र खूश होता. तरी तोही एकदा म्हणाला, "आक्का, म्हशीलाबी आम्ही कुट्टी करून घालतो. तुमी मुळा पाल्यासकट?" आक्का म्हणाली, "म्हशीला कधी पित्त झाल्यालं बघितलंय व्हय?"

तिचं पित्त या खाण्यानं कमी झालं, की वयानं, की चहा सुटल्यानं, मला ठाऊक नाही. कमी झालं एवढं खरं.

तिची चूल पहिल्यांदा सलग थंड राहिली तेव्हाची गोष्ट. दोन संध्याकाळी कौलांतून धूर नाही. आमच्या गल्लीत याचा अर्थ एकच. गडहिंग्लजकडचा तिचा भाऊ आजारी होता. तोच गेला, असं बायकांनी आपसांत ठरवून टाकलं. कुणी पिठलं केलं, कुणी भाकऱ्या थापल्या. डोक्यावर पदर घेऊन, तोंडं पाडून आम्ही चौघी तिच्या दारात. आक्का उभ्यानं गाजर किसत होती. आमची तोंडं बघून तिनंच घाबरून विचारलं, "कोण गेलं गं?"

"ते तुलाच इचारायला आलोय की!"

उलगडा झाला तेव्हा ती इतकी हसली की किसणी हातातून पडली. पण कडू घास एकदा घराबाहेर निघाला की परत न्यायचा नसतो. शेवटी आम्ही चौघींनीच तो तिच्या दारात उभ्यानं खाल्ला, आणि ती समोर गाजर चावत "खावा, खावा, लाजू नगासा" म्हणत होती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. घोर लागला तो अशोकच्या लग्नाचं बघताना.

नेसरीकडून पाहुणे घर बघायला आले होते. चहा-पोहे आक्कानं स्टोव्हवर केले, बोलणी चांगली झाली. उठताना मुलीची आत्या पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. जाणती बाई अशी जातेच. घराची चूल बघते, उतरंड बघते. आक्काची चूल स्वच्छ सारवलेली, आणि तिच्या तोंडात, ऊब आणि अंधार मिळावा म्हणून, ओल्या फडक्यात बांधलेले मूग. फडक्यातून पांढरे मोड बाहेर आलेले.

आत्या तिथून तडक माझ्या गिरणीत आली. एखाद्या घराचं खाणंपिणं कळायला गिरणीसारखी जागा नाही.

"बाई, त्या समोरच्या घरातनं दळाण किती येतंय?"

"कमी येतंय."

"कमी म्हंजे?"

"पोरगा येतोय तेवढ्यापुरतं. आक्का भाकरी खात न्हाय. तिचं कच्चं खाणं हाय. मूग, शेंगा, काकडी."

"मूग बघिटलं की मी! चुलीत मांजर व्याली म्हणत्यात ते ऐकलंवतं, चुलीत मोड आल्यालं आज बघिटलं."

"गरिबी न्हाय हो. तिच्या मनानं खातीया."

"मनानं?" आत्यानं पदर सावरला. "आमची पोर काय करडू हाय, ह्या घरात पाला खायाला?"

नेसरीचा निरोप आलाच नाही. त्या रविवारी मायलेकांचं भांडण रस्त्यापलीकडे ऐकू येत होतं.

"आई, माणसात ऱ्हायाचं हाय आपल्याला!"

"मग मी काय माणसांतनं उठलो व्हय?"

"चूल पेटव. बाकी कायबी मागत न्हाय."

"चूल पेटवतो. खायाचं मागू नगंस."

दुसऱ्या दिवसापासून आक्का रोज संध्याकाळी चूल पेटवून वर नुसतं पाणी ठेवायला लागली. "लोकास्नी धूर पायजे. घ्या म्हणावं धूर," असं मला ओरडून सांगितलं. पण त्याच आठवड्यात ती गिरणीत आली तेव्हा हातात काकडी नव्हती, मुळा नव्हता. रिकाम्या हातानं दारापासून पोत्यांपर्यंत आणि पोत्यांपासून दारापर्यंत.

"पोराचं लगीन माझ्या पोटात अडकलंय गं. काय करू?"

"सहा महिने भाकरी खा," मी म्हणाले. "लगीन होऊ दे. मग तुला काय चघळायचं ते चघळ." मला आजही हा सल्ला व्यवहाराचा वाटतो.

तिनं मान हलवली. "फसवून आणल्याली सून दुसऱ्या दिवशी इचारंल की. तवा काय सांगू?"

पुढचं स्थळ राधानगरीकडचं होतं. मुलगी मंगल. मुलगी बघायला आक्कानं या वेळी मलाही बरोबर नेलं होतं. पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत ती उभ्यानंच बोलून मोकळी झाली. "आमच्या घरात एक माणूस कच्चं खातंय. ते मी. तुमच्या पोरीनं पायजे ते शिजवावं, पायजे तेवढं खावं. मी तिच्या चुलीच्या आड येणार न्हाय."

मुलीचा बाप मिशीला हात लावून बसला. आणि खाली मान घातलेली मंगल हळूच म्हणाली, "मग मी केल्यालं घरात कोण खाणार? ते तर रविवारी येणार."

आक्का दारापर्यंत गेली आणि परत आली. बापालाच हसू फुटलं. "सासू चुलीत लुडबूड करणार न्हाय म्हणतीया. आणि काय पायजे गं तुला?" म्हणाला, आणि सुपारी फुटली.

पण मुलीचा प्रश्न तसाच राहिला होता. नव्या सुनेनं पहिल्यांदा रांधलेलं सासूच्या पानात पडतं, आणि सासूनं ते खायचं असतं. नाही खाल्लं तर सून त्या घराची होत नाही. निदान गल्ली तसं मानते. लग्नाच्या घाईत अशोकच्या तोंडावर तेवढी एकच काळजी होती. मला म्हणाला, "मावशी, आई बोटभर तरी खाईल का?" मी म्हणाले, "तिला इचार." त्याची छाती झाली नाही.

लग्नानंतरची पूजा झाली. मंगलनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, भरली वांगी केली. पीठ माझंच. आम्ही शेजारणी "सहज" जमलो होतो. कुणाचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं. मंगलनं पाट मांडला, ताट ठेवलं आणि पदराचं टोक मुठीत धरून भिंतीला लागली. आक्कानं वर्षांनुवर्षं पीठ तोंडात घातलेलं नव्हतं.

आक्का बसली. पाटावर, मांडी घालून. तिनं बोटभर नव्हे, सबंध भाकरी खाल्ली, वांगी खाल्ली, ताट पुसून घेतलं. मग सुनेकडं बघून म्हणाली, "पापुद्रा चांगला सुटलाय. मीठ वाईच जास्त." मंगल रडायला लागली, आणि आक्का उठून परत येरझाऱ्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीच्या दारात. हातात मुळा.

"पोटाचं काय?" मी विचारलं.

"रातभर गुरगुरलं. गुरगुरू दे. त्येला काय सून आणायचीय?" मुळ्याचा तुकडा मोडून ती पुढं म्हणाली, "जिन्यानं चढल्यालं माणूस एक पायरी उतरलं म्हणून पडत न्हाय. उडी मारल्यालं पडतंय."

त्यानंतर तिनं सुनेच्या हातचं शिजवलेलं खाल्लं नाही, आणि सुनेनंही आग्रह केला नाही. चुलीचं तोंड मंगलकडे गेलं. आक्काची मुगाची पुरचुंडी चुलीच्या मागं, उबेला. एकीनं दुसरीच्या जागेत हात घातला की आवाज चढायचे. आक्का मोड चाखायला द्यायची आणि मंगल म्हणायची, "मला शेळी करू नगासा." एवढंच. घर नीट चाललं.

आज पहाटे आक्का पाण्याला उठली, भरलेला हंडा ठेवला आणि उंबऱ्यावर टेकली. ती टेकली म्हणूनच मंगल धावत आली. गल्लीत आत्तापासून दोन तट आहेत: कच्चं खाऊन गेली, आणि कच्चं खाऊन इतकी तरली. बेसन पडलं. उठते.

संध्याकाळ. पुरुष पंचगंगेवरून परत आल्यावर पिठलं-भाकरी घेऊन गेलो. मंगलसमोर ताट ठेवलं. तिनं हात लावला नाही. बायका समजावत होत्या, "दोन घास घे, रीत हाय." ती उठली, आत गेली आणि चुलीच्या मागची पुरचुंडी घेऊन आली. आक्कानं काल संध्याकाळी बांधलेली. गाठ सोडली, मोड आलेले होते.

"अगं टाक ते भाईर," कुणीतरी म्हणालं. "गेलेल्या माणसाच्या हातचं."

"त्यांनी माझ्या हातचं खाल्लंतं," मंगल म्हणाली. मूठभर मूग तिनं तसेच, बिनमिठाचे, तोंडात घातले. तिला ते आवडत नाहीत हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी चावून चावून संपवले. दुसरी मूठ अशोकपुढं धरली. त्यानंही खाल्ले.

पिठलं-भाकरी तशीच उरली. कडू घास परत नेत नाहीत. आम्ही बायकांनी तो तिथंच, दारात, उभ्यानं खाल्ला.

८ डिसेंबर. रक्षाविसर्जन होईपर्यंत समोरची चूल पेटायची नाही. पिठलं-भाकरी आज दुसऱ्या घरातून जाईल. सकाळी गिरणी उघडायच्या आधी समोर न्यायला शेरभर मूग निवडले, खडे काढले आणि भिजत घातले. मग पट्टा चढवला आणि ज्वारी घेतली.