पहिल्याच दुकानातलं रीळ

आमच्या घरात कुठलीही वस्तू चटकन येत नाही, कारण पद्माकर ती येऊ देत नाही. लग्नानंतरचा पहिला मिक्सर घ्यायला त्याने सहा महिने लावले. तोवर मी खलबत्त्यात चटण्या कुटत होते आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होते. एक तर पुण्याचा माणूस, त्यातून नोकरी खरेदी विभागातली. इथे सिंगापूरला, पाया लेबारच्या ऑफिसात तो दिवसभर पंपांची आणि व्हॉल्व्हची कोटेशन्स मागवतो, तक्ते करतो, प्रत्येक मालाला गुण देतो. घरी आला तरी डोकं तिथेच. तीन दुकानं पाहिल्याशिवाय तो छत्रीसुद्धा घेत नाही, आणि इथल्या पावसात छत्रीशिवाय तीन दुकानं हिंडणं काय असतं, ते मी भोगलेलं आहे.

पुंगोलला आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले खाली, प्रबोध आणि उल्का राहायचे. प्रबोध मालवणचा, कामाने सॉफ्टवेअरवाला आणि जिवाने मासेवाला. रविवारी सकाळी तो जेट्टीवर गळ टाकून बसे. आम्ही घरात अंडंही न उकडणारे, तरी पद्माकर त्याच्या शेजारी थर्मास घेऊन बसायचा. मासा वर आला की हा तोंड फिरवायचा आणि प्रबोध म्हणायचा, "पद्या, बघ तरी. तुला खायला नाही सांगत." दोघांचं कशावरून जमलं होतं देव जाणे. पण परदेशात चाळिशीनंतर जिवाभावाचा मित्र मिळत नाही हे मला कळत होतं, म्हणून मी न कुरकुरता चहा भरून द्यायची.

जेट्टीवरच्या बोटभर माशांवर प्रबोधचं समाधान नव्हतं. त्याला ट्रोलिंग करायचं होतं. म्हणजे बोट भाड्याने घ्यायची, ती संथ चालू ठेवायची, मागे लांबवर दोरी सोडायची, तिच्या टोकाला नकली मासा. सुरमईने झडप घातली की काठीवरचं दोरीचं रीळ फिरवत तिला ओढून आणायची. लहानपणी त्याने वडिलांना सुरमई ओढताना पाहिलं होतं, पण ती ओढ त्याच्या स्वतःच्या हाताला कधी लागली नव्हती. "एकदा जाऊ या रे," असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

मग त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन. स्नायू एकेक करून जाणार, आणि त्याच्या बाबतीत सुरुवात हातांपासून झाली होती. बरं करणारं औषध नाही. उल्काने मला हे लिफ्टपाशी सांगितलं, पिशवीतली पालेभाजी उगाचच वर-खाली करत. मी तिच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

त्याच आठवड्यात प्रबोध पद्माकरला म्हणाला, "हात आहेत तोवर मला एक सुरमई ओढायचीय. माझ्या हाताने." बोटवाल्याकडे रिळं होती, पण जड आणि घट्ट, धडधाकट माणसासाठी केलेली. प्रबोधला झेपेल असं हलकं फिरणारं रीळ हवं होतं. ते शोधायचं काम अर्थातच आमच्या घरच्या तज्ज्ञाने अंगावर घेतलं.

पहिल्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. दुकानदार म्हातारे चिनी अंकल होते. प्रबोधने दोन-चार रिळं हाताळली आणि मग एक साधंसं, काळं रीळ उचललं. मूठ फिरवली. ती सहज फिरली. अंकलनी एक खटका दाबून दोरी ओढून दाखवली, तर रीळ करकर करकर वाजायला लागलं. मासा दोरी घेऊन पळाला की हा आवाज येतो म्हणे. प्रबोधचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा हसले.

"पद्या, हेच."

"दिस वन कॅन, लाह," अंकलही म्हणाले, म्हणजे हे चालेल.

पद्माकरने रीळ उलटसुलट करून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. "अरे, पहिल्याच दुकानात कोणी घेतं का? जरा बघू. तुझ्या हाताचा प्रश्न आहे, उगाच काहीतरी गळ्यात नको पडायला."

प्रबोधने मान डोलावली. उल्काने माझ्याकडे पाहिलं. आम्ही समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर रिळांचंच राज्य सुरू झालं. किती वजनाचं, मुठीच्या एका फेऱ्यात किती दोरी येते, सोडलेली दोरी मोजणारा आकडा हवा की नको. आयुष्यात माशाला बोट न लावलेला माझा नवरा अमेरिकेतल्या मासेवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चा वाचू लागला. तिकडे थंड तळ्यांत मस्की नावाचा एक दांडगा मासा असतो आणि त्याच्यासाठी ट्रोलिंगचं रीळ कुठलं घ्यावं यावर ती माणसं पानंच्या पानं भांडतात. हा त्यांत शिरला. मित्राचे हात अधू होत चाललेत, काय घ्यावं, असं त्याने विचारलं. विस्कॉन्सिनच्या एका गृहस्थांनी फार मायेने उत्तर दिलं, की गिअर जितका कमी तितकं फिरवणं हलकं, आणि मूठ मोठी घ्या. शेवटी लिहिलं होतं, उशीर करू नका. पद्माकरने गिअरचं आणि मुठीचं तेवढं तक्त्यात उतरवून घेतलं.

भारतात जाताना बॅगा तोलायला आमच्याकडे हुकाचा एक वजनकाटा आहे. तो घेऊन हा दर रविवारी खाली जायचा. प्रबोधने काटा जोर लावून ओढायचा आणि याने आकडा पाहायचा. दर वेळी आकडा थोडा उतरलेला असे. मग तक्त्यातली काही रिळं बाद व्हायची, नवी यायची. एकदा तर निवड पक्की झाली होती. मागवायचं तेवढं बाकी होतं, आणि प्रबोधचा उजवा हात मूठ धरेनासा झाला. ते रीळ फक्त उजव्या मुठीचं. डाव्या मुठीसाठी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्यात २०१५ चा तो धूर आला, शेजारच्या देशात पेटलेल्या जंगलांचा. आठवडेच्या आठवडे खिडक्या बंद, समोरचा ब्लॉकही दिसत नव्हता. "तसंही आता बोटी जात नाहीयेत," पद्माकर म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"आणखी किती बघणार आहेस? घेऊन टाक ना एक! कुठलंही!"

"चुकीचं घेतलं तर? त्याला एकच संधी आहे, स्मिता."

"ती तरी राहू दे त्याला!"

मी पद्माकरकडे पाहिलं. लॅपटॉप पुढ्यात, चष्मा कपाळावर, आणि डोळे भरलेले. तेव्हा मला कळलं की याला रीळ निवडायचंच नव्हतं. रीळ आलं की बोट ठरवावी लागणार, बोटीचा दिवस उजाडणार, आणि त्या दिवसानंतर प्रबोधचं पुढे काय, हे त्याला पाहायचं नव्हतं. शोध चालू आहे तोवर प्रबोध आहे, असं काहीतरी त्याच्या मनाने धरलं होतं. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. दुसऱ्या दिवशी त्याने ऑर्डर टाकली.

रीळ अमेरिकेहून आलं तोवर धूर निवळला होता. खरंच सुरेख होतं. डाव्या हाताचं, हलकं, लोण्यात सुरी फिरावी तसं फिरणारं. आम्ही ते खाली घेऊन गेलो. प्रबोध चाकाच्या खुर्चीत होता. पद्माकर गुडघ्यांवर बसला, रीळ त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि उल्काने त्याची बोटं एकेक करून मुठीभोवती बसवली.

बोटं तशीच राहिली. प्रबोधने ओठ दाबून धरले, मानेच्या शिरा ताणल्या, पण मूठ काही हलली नाही. मग उल्काने हात काढला तशी बोटंही घसरून मांडीवर आली.

"वाजव," प्रबोध म्हणाला. बोलणंही जड झालं होतं.

पद्माकरने खटका दाबला आणि दोरी ओढली. करकर करकर. प्रबोधने डोळे मिटून ऐकलं. पद्माकर ओढतच राहिला, दोरीचं भेंडोळं फरशीवर पडत गेलं.

"छान आहे," प्रबोध डोळे उघडून म्हणाला. "पहिल्या दुकानातलं पण असंच वाजत होतं रे."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, पद्माकरने तो सोसला असता. प्रबोध फक्त त्या दिवसाची आठवण काढून खूश झाला होता. माझा नवरा फरशीवरची दोरी गोळा करत बसला आणि ती त्याच्याच्याने गुंडाळली जाईना. शेवटी उल्काने मूठ फिरवून ती रिळावर घेतली.

मार्च महिन्यात प्रबोध गेला. उल्का भारतात परतली. जाताना तिने रीळ आमच्याकडे ठेवलं. ते कपाटात वरच्या खणात आहे. पद्माकर ते कधी काढत नाही आणि जेट्टीकडेही फिरकत नाही.

गेल्या वर्षी आमचा कुकर बिघडला. मी म्हटलं, आता महिनाभर कढईत भात. मनातून मला ते हवंही होतं. पुन्हा टेबलावर तक्ता दिसेल, किती लिटरचा, झाकण आतलं की बाहेरचं, यावर आम्ही भांडू. पद्माकर चपला घालून खाली गेला आणि अर्ध्या तासात कुकर घेऊन परत आला.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"पहिल्याच दुकानात."

"बघितलास का नीट?"

"बघायचं काय त्यात," तो म्हणाला, आणि खोका ओट्यावर ठेवून हात धुवायला गेला.

कुकर वाईट निघाला. झाकणातून वाफ जाते, शिट्टी होत नाही, डाळ अर्धी कच्ची राहते. बदलून आण, असं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी रोज त्यातच डाळ लावते आणि ती शिजेपर्यंत ओट्यापाशी उभी राहते.